‘आपण’ म्हणजे नक्की कोण?

जिन्याखाली, विजेच्या मीटरांच्या शेजारी टांगलेला सोसायटीचा सूचनाफलक हा मराठी वाङ्मयाचा एक दुर्लक्षित प्रकार आहे. समीक्षकांचे त्याच्याकडे लक्ष गेलेले नाही. परंतु ठाण्यापासून कल्याण-डोंबिवलीपर्यंत त्याला जेवढे निष्ठावान वाचक आहेत, तेवढे एखाद्या गाजलेल्या कादंबरीला तरी असतील की नाही, शंकाच आहे. लोकल चुकेल या धास्तीने धावणारा चाकरमानीसुद्धा त्या फळ्यापाशी क्षणभर थबकतो. पाणी किती वाजता जाणार, देखभाल खर्च कितीने वाढला, सभा कोणत्या रविवारी आहे, हे सारे त्याला तिथेच कळायचे असते.

दोन पावसाळ्यांपूर्वी डोंबिवली पूर्वेच्या एका चार मजली इमारतीत अशा फळ्यावर एक वाक्य झळकले: ‘गच्चीच्या गळतीमुळे वरच्या मजल्यावरील घरांत झालेल्या नुकसानीचा खर्च आपण करावयाचा आहे.’ चौथ्या मजल्यावरच्यांनी ते वाचले आणि सुटकेचा नि:श्वास टाकला. आपण, म्हणजे सगळ्यांनी मिळून! पहिल्या मजल्यावरच्यांनी ते वाचले आणि त्यांनीही सुटकेचा नि:श्वास टाकला. आपण, म्हणजे चौथ्या मजल्यावरच्या मंडळींनी, ज्याचे त्याने! सभा झाली, आवाज चढले, कोणाच्या तरी मुलीच्या लग्नात कोण जेवायला आले नव्हते इथपर्यंत विषय गेला. शेवटी एकाने गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींचे पुस्तक आणले. पावसाच्या पाण्याची गळती आणि तिच्यामुळे वरच्या मजल्यावरच्या घरांचे छत व गिलावा खराब झाल्यास त्याची दुरुस्ती संस्थेने करायची, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. वाद तिथे मिटला. मात्र एक गोष्ट मला तेव्हा जाणवली. उपविधी लिहिणाऱ्याने ‘आपण’ हा शब्द त्या जागी वापरलेला नाही. तिथे ‘संस्था’ आहे आणि ‘सभासद’ आहे. कोणी खर्च करायचा, हे त्याने नाव घेऊन सांगितले आहे.

मी डोंबिवलीत राहतो. शेजाऱ्यापाजाऱ्यांचे अर्ज, सभांची इतिवृत्ते, भाडेकरारांचे मसुदे नजरेखालून घालण्याचे फुकटचे काम गेली अनेक वर्षे माझ्याकडे आहे. या कामात शुद्धलेखनापेक्षा मला जास्त छळले आहे ते सर्वनामांनी. ऱ्हस्व-दीर्घ चुकले तर फार तर कोणी हसेल. सर्वनाम चुकले तर कोणाच्या तरी खिशाला भोक पडते, किंवा दाद मागायला दारच उरत नाही.

शाळेत आपण सगळ्यांनी घोकले आहे की मराठीत मूळ सर्वनामे नऊ: मी, तू, तो, हा, जो, कोण, काय, आपण, स्वतः. दादोबा पांडुरंगांचे मराठी व्याकरण १८३६ साली छापले गेले आणि मोरो केशव दामले यांचे ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ १९११ साली. तेव्हापासून पिढ्यान्‌पिढ्या मुले सर्वनामांचे प्रकार पाठ करीत आली आहेत. पण पाच गुणांसाठी पाठ केलेले हे प्रकरण पुढे कचेरीत, बँकेत, सोसायटीत आपल्याला रोज लागणार आहे, असे कोणा बाईंनी वा गुरुजींनी सांगितल्याचे ऐकिवात नाही.

या नवांतला सर्वांत बिलंदर म्हणजे ‘आपण’. एकाच शब्दाची किती रूपे पाहा. ‘आपण आत यावे’ म्हटले की तो आदरार्थी ‘तुम्ही’ होतो. ‘चला, आपण चहा घेऊ’ म्हटले की बोलणारा आणि ऐकणारा दोघे त्यात येतात. ‘तो आपण होऊन गेला’ यात त्याचा अर्थ ‘स्वतः’ असा होतो. आणि नळदुरुस्तीला आलेला माणूस पाना खाली ठेवून ‘आपण असली कामं करत नाही’ असे ऐकवतो, तेव्हा ‘आपण’ म्हणजे शुद्ध ‘मी’! बोलताना यात घोटाळा होत नाही. समोर माणूस असतो, त्याचा चेहरा असतो, हाताने छातीकडे किंवा समोर खूण केलेली असते. कागदाला हात नसतो.

खरे तर मराठीकडे या बाबतीत एक श्रीमंती आहे, जी इंग्रजीकडे नाही आणि हिंदीकडेही नाही. इंग्रजीतला ‘वुई’ आणि हिंदीतला ‘हम’ ऐकणाऱ्याला धरून आहे की वगळून, ते त्या शब्दावरून कळत नाही. मराठीत कळते. ‘आम्ही माथेरानला चाललो’ म्हटले तर ऐकणाऱ्याने घरीच थांबायचे. ‘आपण माथेरानला चाललो’ म्हटले तर त्याने पिशवी भरायला घ्यायची. गुजरातीत ‘अमे’ आणि ‘आपणे’, तेलुगूत ‘मेमु’ आणि ‘मनमु’, तमिळमध्ये ‘नांगळ’ आणि ‘नाम’ असा हाच भेद आहे. द्राविडी भाषांच्या शेजारामुळे तो आपल्याकडे आला असावा, असे भाषेचे अभ्यासक मानतात. एवढे धारदार हत्यार घरात असताना आपल्या कचेऱ्यांतून मात्र मसुदा आधी इंग्रजीत होतो, मग मराठीत उतरतो, आणि ती धार वाटेत कुठेतरी बोथट होते.

फलाटावरची उद्घोषणाच घ्या. गाडी उशिरा आली की ‘दिलगीर आहोत’ असे कानी पडते. मराठीत सर्वनाम गाळले तरी चालते, क्रियापद त्याची जागा राखून ठेवते. पण ‘आहोत’ हे क्रियापद ‘आम्ही’लाही लागते आणि ‘आपण’लाही. त्यामुळे गर्दीत चेंगरलेल्या प्रवाशाला क्षणभर वाटते, रेल्वेबरोबर आपणही दिलगीर आहोत की काय! हा झाला विनोद. पण कोण दिलगीर आहे ते न सांगता व्यक्त केलेल्या दिलगिरीची किंमत किती, हा प्रश्न विनोदाचा नाही.

सरकारी मराठीत तर सर्वनाम जवळजवळ नामशेष झाले आहे. भाषा संचालनालय १९६० साली स्थापन झाले, राजभाषा अधिनियम १९६४ साली आला, परिभाषा घडली, आणि राज्याचा कारभार मराठीतून चालू लागला. ही कामगिरी मोठी आहे आणि ती करणाऱ्यांचे ऋण मान्यच केले पाहिजे. परंतु याच काळात ‘करण्यात येईल’, ‘कळविण्यात येते’, ‘दखल घेण्यात आली आहे’ ही मराठी रुळली. त्यातून कर्ता उठून गेला आणि त्याची खुर्ची रिकामी राहिली. ‘आपल्या अर्जावर नियमानुसार कार्यवाही करण्यात येईल’ असे पत्र हातात पडलेल्या माणसाने पुढच्या आठवड्यात कोणत्या टेबलापाशी उभे राहायचे?

याला दुसरी बाजू आहे आणि ती नाकारता येणार नाही. अधिकारी बदलतो, कार्यालय राहते. त्याने ‘मी करीन’ लिहिले आणि महिन्याभरात त्याची बदली झाली तर काय? शासन निर्णयाच्या शेवटी ‘महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने’ असे छापलेले असते. राज्यघटनेच्या १६६व्या अनुच्छेदाने तशी पद्धत घालून दिली आहे आणि तिच्यामागे विचार आहे. सत्ता व्यक्तीची नव्हे, पदाची, हे त्यातून सांगायचे असते. पण मग पदाचे नाव तरी घ्यावे! ‘या अर्जाची पाहणी प्रभाग कार्यालयातील कनिष्ठ अभियंता १५ दिवसांत करतील’ या वाक्यात कोणाचाही अहंकार डोकावत नाही, आणि अर्जदाराला कुठे जायचे ते कळते.

पावसाळा जवळ आला की ठाण्यात आणि कल्याण-डोंबिवलीत धोकादायक इमारतींच्या नोटिसा निघतात. ठाकुर्लीची आणि ठाण्यातल्या नौपाड्याची इमारत २०१५ च्या एकाच पावसाळ्यात, जुलै-ऑगस्टमध्ये, काही दिवसांच्या अंतराने कोसळली, ती आठवण इथे अजून ताजी आहे. त्या दुर्घटनांना भाषा कारणीभूत होती असे म्हणण्याचा वेडेपणा मी करणार नाही. पण ‘इमारत तात्काळ रिकामी करण्यात यावी’ ही ओळ वाचणाऱ्या कुटुंबाच्या जागी स्वतःला ठेवून पाहा. कोणी रिकामी करायची? मालकाने भाडेकरूंकडून, सोसायटीने सभासदांकडून, की आपली आपण? संरचनात्मक तपासणी ‘करून घेण्यात यावी’, म्हणजे कोणी? महापालिका अधिनियमाप्रमाणे ३० वर्षांहून जुन्या इमारतीची तपासणी तिच्या मालकाने अथवा भोगवटादाराने करून घ्यायची असते. कायद्यात कर्ता आहे. नोटिशीत येईपर्यंत तो हरवतो आणि मालक भाडेकरूकडे, भाडेकरू मालकाकडे बोट दाखवत बसतो. छत तेवढे कोणाकडेही बोट न दाखवता खाली येत राहते.

जुन्या इमारतींचा विषय निघाला की पुनर्विकास आलाच. आमच्या शेजारी पंचाहत्तरी उलटलेल्या एक काकू एकट्या राहतात. त्यांच्या इमारतीच्या पुनर्विकासाचा मसुदा घरोघरी वाटला गेला, तेव्हा त्या तो घेऊन माझ्याकडे आल्या. चष्मा कपाळावर सारून त्यांनी एका ओळीवर बोट ठेवले.

‘‘हे वाच रे जरा. हा ‘त्याच्या’ म्हणजे कोणाच्या?’’

ओळ अशी होती: ‘विकासक सभासदास त्याच्या खर्चाने पर्यायी जागेत हलवील.’ इंग्रजी मसुद्यात तिथे ‘हिज’ असणार, तो जसाच्या तसा उचललेला. इंग्रजीत तो दोघांचाही होऊ शकतो. मराठीचे तसे नाही. मराठीत कर्त्याची स्वतःची वस्तू असेल तर आपण ‘आपला’ किंवा ‘स्वतःचा’ म्हणतो, आणि दुसऱ्याची असेल तर ‘त्याचा’. ‘रामने आपली छत्री घेतली’ आणि ‘रामने त्याची छत्री घेतली’ यातला फरक पहिलीतल्या पोरालाही कळतो. दुसऱ्या वाक्यात तंटा आहे! या न्यायाने ‘त्याच्या खर्चाने’ म्हणजे सभासदाच्या खर्चाने. टेम्पो, हमाल, दलाली, अनामत, सारे काकूंच्या पेन्शनीतून.

विकासकाकडचा माणूस सह्या घ्यायला आला तेव्हा मी तिथेच होतो. तो सौजन्याने म्हणाला, ‘‘काकू, ते तसंच असतं. स्टँडर्ड ड्राफ्ट आहे.’’

काकू म्हणाल्या, ‘‘असेल बाबा. पण खर्च तुमचा आहे ना? मग तुमचाच आहे असं लिहायला किती शाई लागते?’’

पंधरा दिवसांनी दुरुस्त ओळ आली: ‘विकासक स्वतःच्या खर्चाने सभासदास पर्यायी जागेत हलवील.’ काकूंनी सही केली. विकासकाच्या मनात काही काळेबेरे होते असे मला मुळीच म्हणायचे नाही. बहुधा नव्हतेच. पण भांडण लागते तेव्हा मनातले कोणी वाचत नाही, कागदावरचे वाचतात. पुनर्विकासासाठी ४ जुलै २०१९ च्या शासन निर्णयाने मार्गदर्शक सूचना दिल्या, सभा कशा घ्यायच्या, निर्णय कसे करायचे ते ठरवून दिले. तरी करारातली प्रत्येक ओळ शेवटी सभासदालाच वाचावी लागते.

आपल्या जुन्या दस्तलेखकांना ही अडचण ठाऊक होती. त्यांनी ‘लिहून देणार’ आणि ‘लिहून घेणार’ असे दोन शब्द घडवले आणि सबंध दस्तात ते पुन्हा पुन्हा वापरले. वाचायला कंटाळवाणे खरे, पण कोण देणार आणि कोण घेणार याबद्दल नातवंडांच्या काळातही शंका राहत नाही. कवितेत पुनरुक्ती हा दोष असेल. करारात ती राखण आहे. आणि हुकूम कसा लिहावा याचा धडा हवा असेल तर शिवछत्रपतींचे १६७० च्या दशकातले, चिपळूणजवळच्या छावणीतल्या जुमलेदार, हवालदार, कारकुनांना पाठवलेले पत्र आहे. रयतेला त्रास देऊ नये, हे ज्यांना सांगायचे त्यांना ते थेट ‘तुम्ही’ म्हणून सांगितले आहे. त्यात पळवाट नाही.

सर्वनामांत जबाबदारी असते तशीच प्रतिष्ठाही असते. एखाद्या सभेचे इतिवृत्त उघडून पाहा. ‘अध्यक्षांनी त्यांचे मत मांडले. रखवालदाराने त्याची अडचण सांगितली.’ ‘डॉक्टर आले, ते म्हणाले, परिचारिका आली, ती म्हणाली.’ वय दोघांचे सारखे, सभा तीच, कागद तोच. पण एकाला ‘ते’ आणि दुसऱ्याला ‘तो’, एकीला ‘त्या’ आणि दुसरीला ‘ती’. बोलण्यातल्या जवळिकीचा ‘ती’ गोड असतो, आईला आपण एकेरीच हाक मारतो. व्यावसायिक कागदावरची एकेरी मात्र पगार पाहून उतरते. सोसायटीत रोज सहा घरची भांडी घासणाऱ्या बाईंचा उल्लेख इतिवृत्तात ‘त्या’ असा केला तर सोसायटीची एक वीटही ढासळणार नाही.

याच अंगाने आणखी एक अडचण येते. ‘मी लिहून देतो/देते की’ असे छापलेला नमुना आपण सगळ्यांनी भरला आहे. पुष्कळदा ‘देते’ छापलेलेच नसते आणि बाई निमूटपणे ‘देतो’खाली सही करतात. १८९७ च्या सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाने पुल्लिंगी शब्दांत स्त्रियांचाही समावेश होतो असे ठरवले आहे, म्हणून कायद्याचे काम अडत नाही. पण मराठी ‘मी’ क्रियापदातून लिंग सांगतो, आणि वाचणाऱ्याला ते खटकते. सर्वोच्च न्यायालयाने १५ एप्रिल २०१४ रोजी तृतीयपंथीयांची स्वतंत्र ओळख मान्य केली आणि २०१९ साली त्यांच्या हक्कांच्या संरक्षणाचा कायदा झाला. त्यांनी या नमुन्यात काय खोडायचे आणि काय ठेवायचे? यावर उपाय मराठीतच आहे. ‘मी जाहीर करतो/करते’ऐवजी ‘माझे निवेदन असे की’ लिहावे. ‘मी अर्ज केला’, ‘मी पैसे भरले’ या वाक्यांत क्रियापद कर्माच्या मागे जाते, बोलणाऱ्याचे लिंग विचारत नाही. भाषेने वाट ठेवलेली आहे. नमुना छापणाऱ्याने ती वापरायची एवढेच.

आणि एक ‘मी’ असा आहे, जो फार जपून वाचला पाहिजे. पोलीस ठाण्यात आपण फिर्याद तोंडी सांगतो आणि लिहिणारे हवालदार ती ‘मी’ असे धरून लिहितात. शब्द त्यांचे, हस्ताक्षर त्यांचे किंवा संगणकाचे, आणि ‘मी’ मात्र आपला! म्हणूनच १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या १७३व्या कलमात, आणि त्यापूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही, लिहिलेली माहिती सांगणाऱ्याला वाचून दाखवावी, त्यावर त्याची सही घ्यावी आणि प्रत विनामूल्य द्यावी असे सांगितले आहे. वाचून दाखवा, असे म्हणायला लाजू नये. त्या कागदातला ‘मी’ उद्या न्यायालयात आपल्याच तोंडचा धरला जाणार असतो.

आपल्या या पट्ट्याला भाषेचे प्रेम शिकवण्याची गरज नाही. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ चे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चे. ठाण्यात २०१० साली साहित्य संमेलन भरले, डोंबिवलीत २०१७ साली. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा देण्याचा निर्णय ३ ऑक्टोबर २०२४ रोजी झाला तेव्हा आपण पेढे वाटले, आणि ते योग्यच झाले. पण भाषा संमेलनाच्या मांडवात तीन दिवस नांदते आणि उरलेले दिवस ती नोटिशीत, पावतीत, करारात, इतिवृत्तात राबते. तिथे ती स्वच्छ असावी, हे प्रेमाचेच काम आहे.

त्यासाठी व्याकरणाची पंडिती लागत नाही. लिहून झाल्यावर प्रत्येक ‘आपण’पाशी थांबावे आणि त्या जागी ‘तुम्ही’ किंवा ‘आपण सर्व’ यांपैकी जे म्हणायचे असेल ते घालावे. जिथे पैसा, मुदत किंवा जोखीम आहे तिथे ‘तो’, ‘त्याचा’ टाळून नाव घ्यावे, दहादा घ्यावे लागले तरी. ‘करण्यात येईल’ दिसले की ‘कोण करील?’ असे विचारावे, आणि उत्तर मिळेपर्यंत सही करू नये. ज्याच्याविषयी लिहितो आहोत तो ते वाचेल असे धरून ‘तो’ लिहायचे की ‘ते’, हे ठरवावे.

आज रविवार आहे. घरात सर्वनामांचे प्रकार पाठ करणारे एखादे मूल असेल, तर वही मिटायला सांगा आणि त्याला खाली फळ्यापाशी न्या. लावलेली नोटीस वाचायला सांगा आणि विचारा, यातले ‘आपण’ म्हणजे कोण? त्याला उत्तर सापडले नाही, तर नोटीस लिहिणाऱ्या सेक्रेटरींना ते विचारायला दोघांनी मिळून जा. ते चहा देतील.